गोवा ते मुंबई: अंतर अर्ध्या तासाचे, तिकिटावर मात्र सव्वा तास

साष्टीकर (मडगाव):
पुढच्या महिन्यात आईला तपासणीसाठी मुंबईला न्यायचे आहे. एरवी आम्ही रेल्वेनेच जातो. परंतु तिचे गुडघे पाहता या खेपेस विमानाचा विचार आहे. नकाशावर मोजले असता दाबोळी ते मुंबई विमानतळ हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ४२५ किलोमीटर भरते. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर अर्ध्या तासाहून थोडाच अधिक वेळ लागायला हवा. तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा त्याहूनही अधिक दाखवतात. हा फरक कशाचा? शिवाय गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी मडगावच्या माणसाने दाबोळी धरावे की मोपा?

तिसवाडीकर:
तिकिटावरचा वेळ हा केवळ हवेतला नसतो. विमान इथल्या उभ्या जागेवरून हलते तेव्हापासून तिथल्या जागेवर थांबेपर्यंतचा तो असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा रांगत जाणे हे सारे त्यात आले. आपण धरलेला ८०० चा वेग विमानाला उंची गाठल्यावरच मिळतो, आणि एवढ्या छोट्या पल्ल्यात ते पुरते वर चढते न चढते तोच उतरायला लागते. त्यातून मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या असल्याने एका वेळी एकच वापरता येते. म्हणून गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हे ठाऊक असल्यामुळे कंपन्या वेळापत्रकातच थोडी सूट धरून ठेवतात. प्रत्यक्ष हवेतला काळ बहुधा पाऊण तासाच्या आसपास असतो.

कुडाळवाला:
मोपाबद्दल लिहितो. तिथून नागरी विमाने ५ जानेवारी २०२३ पासून सुटू लागली, आणि ते ज्या पेडणे तालुक्यात आहे तो गोव्याच्या उत्तरेला असल्याने मुंबईला दाबोळीपेक्षा सुमारे ३५ किलोमीटर जवळ आहे. आम्हा सिंधुदुर्गातल्या लोकांना ते सोयीचे पडले, हे खरे. पण ३५ किलोमीटर म्हणजे विमानाला जेमतेम तीन मिनिटे! तेवढ्यासाठी आपण मडगावहून अख्खा गोवा ओलांडून, पर्वरीच्या कोंडीतून पेडण्यापर्यंत येणार असाल, तर हिशेब उलटा पडेल.

तिसवाडीकर:
सहमत. एक मात्र ध्यानात ठेवावे: दाबोळी हा नौदलाचा तळ असल्याने कामाच्या दिवशी सकाळचे काही तास त्यांच्या सरावासाठी राखीव असतात. त्यामुळे सकाळी नेमक्या वेळेचे विमान हवे असेल, तर तिथे पर्याय कमी सापडतात.

साष्टीकर (मडगाव):
दोघांचेही आभार. आता घरापासूनचा हिशेब मांडला: दाबोळीपर्यंत पाऊण तास, तिथे दोन तास आधी पोहोचणे, विमानाचा सव्वा तास, सामान मिळेपर्यंत अर्धा तास. म्हणजे साडेचार तास, मुंबईतला रस्ता वेगळाच. वंदे भारत मडगावहून पावणेआठ तासांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते, पावसाळी वेळापत्रकात त्याहून बराच उशीर लागतो. वाचणारे तीन तास आईच्या गुडघ्यांसाठी मोलाचे आहेत.

कुडाळवाला:
मग तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवा. ऐनवेळी मागितली तर थांबावे लागते, आणि मुंबईच्या टर्मिनलमध्ये चालणे फार पडते.

साष्टीकर (मडगाव):
नोंदवतो. तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळची असल्याने दाबोळीहून आदल्या दुपारचे विमान पाहतो.