प्रति: युद्धातला ताण आणि व्यसन

'युद्धाच्या ताणाने माणसं आपसूक दारू-सिगारेटकडे वळतात' हे वरचं म्हणणं मला अर्धंच पटतं. ताण खराच, पण व्यसन हातात आणून दिलं जातं, त्याचं काय? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकाच्या के-रेशनमध्ये, म्हणजे लढाईत सोबत न्यायच्या तयार शिध्यात, न्याहारीचं खोकं उघडलं की बिस्किटं, कॉफीची पुडी आणि त्यांच्याच शेजारी चार सिगारेटी. न ओढणाराही मग कधीतरी एक पेटवणारच. के-रेशन गेलं तरी सैनिकी शिध्यातल्या सिगारेटी १९७५ मध्ये थांबल्या. ब्रिटिश नौदलातला रोजचा रमचा वाटा तर ३१ जुलै १९७० पर्यंत चालू होता. इतकी वर्षं सरकारंच वाटत होती, आणि दोष मात्र पिणाऱ्याच्या मनोबलाला!

नागरिकांचं दुखणं थोडं वेगळं, आणि मला जास्त काळजी त्यांची वाटते. सायरनच्या धास्तीने डोळा लागत नाही म्हणून दोन पेग घेतले की झोप लवकर येते खरी, पण अंमल उतरला की उत्तररात्री मोडते. दुसऱ्या दिवशी अंग आंबलेलं, मन आणखी हळवं, आणि संध्याकाळी पुन्हा ग्लास. सिगारेटचं त्याहून फसवं. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि बेचैनी, चिडचिड सुरू होते. भीतीतही नेमकं हेच होतं. पुढच्या झुरक्याने शमते ती तलफ, पण माणसाला वाटतं भीतीच कमी झाली. म्हणून आसऱ्याच्या ठिकाणी औषधांबरोबर निकोटिनच्या पट्ट्या आणि झोपेबद्दल बोलणारं कुणीतरी असायलाच हवं.