लहानपणीचं अर्धवट आठवणारं पुस्तक, गोष्ट, मालिका: तुम्हाला सापडली का?

आंबेमोहर

परवा पुतणी जेवणाच्या टेबलावर कागदाची पट्टी घेऊन बसली होती. पट्टीला एक पीळ द्यायचा, टोकं डिंकाने चिकटवायची आणि मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत जायचं. पेन्सिल न उचलता रेघ सगळीकडून फिरून जिथून निघाली तिथेच येते. शाळेचं प्रोजेक्ट. ती मला ते दाखवत होती आणि माझ्या डोक्यात एकदम गणपती आला. उजव्या सोंडेचा!

सहावी-सातवीत वाचलेली गोष्ट. एक माणूस आरशातल्यासारखा उलटा होतो, डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं. त्याच्याबरोबर गणपतीची मूर्तीही. क्रिकेटचा सामना होता त्यात, आणि हीच पिळाची पट्टी. लेखक आठवेना, पुस्तक कुणाकडून आणलेलं तेही आठवेना. रात्री आतेभावाला फोन लावला. "अरे, ती उलट्या माणसाची गोष्ट..." एवढं म्हणेपर्यंत तो म्हणाला, "नारळीकर. 'उजव्या सोंडेचा गणपती'." इतकी वर्षं जी एक गोष्ट लख्ख आठवत होती, तेच कथेचं नाव!

पुतणीला वाचून दाखवली. मधेच थांबवून ती आपली पट्टी हातात घेऊन बोट फिरवून बघत होती. फार आनंद झाला मला.

आता दुसरी अजून सापडायची आहे. रशियन पुस्तक होतं. एका मुलाला लापशी अजिबात आवडत नाही. तो त्यात मीठ घालतो, साखर घालतो, आणि शेवटी सगळी खिडकीतून खाली ओततो. पुढे काय होतं ते गेलं डोक्यातून. कुणाला माहितीय का? आणि तुमचेही अनुभव लिहा: काय शोधत होतात, कसं सापडलं, काय अजून सापडलेलं नाही.

खारीबिस्कीट

देनिस!!! विक्तोर द्रागून्स्कीच्या देनिसच्या गोष्टींतली आहे ही. आईने क्रेमलिन बघायला न्यायचं कबूल केलेलं असतं म्हणून तो संपवायचा प्रयत्न करतो. नंतर दारात पोलीस आणि एक माणूस, त्याच्या टोपीवरून कपड्यांवर लापशी ओघळतेय. कुकर लावलाय, नंतर येते.

मनीमाऊ

अगं हो, टोपी!! पण माझ्या आठवणीत तो शिरा होता.

खारीबिस्कीट

शिरा कोण फेकेल गं! रव्याची पातळ लापशी ती.

घाटवाट

रशियन पुस्तकांचं नाव काढलंत आणि सोलापूरचं पुस्तक प्रदर्शन आठवलं. लोकवाङ्मय गृहाचं टेबल लागायचं. वडील दोन पुस्तकं घेऊ द्यायचे, त्यापेक्षा एक जास्त नाही, मग मी आणि भाऊ ठरवून वेगवेगळी घ्यायचो. जाड गुळगुळीत पानं, पानभर रंगीत चित्रं, आणि शिलाई अशी की तीन भावंडांनी ओढूनही पान सुटलं नाही. आत "रादुगा प्रकाशन, मॉस्को" किंवा "प्रगती प्रकाशन". अनुवादक म्हणून बऱ्याचदा अनिल हवालदार. १९९१ ला सोव्हिएत संघ संपला आणि पुस्तकं यायचीही थांबली, पण हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही आपले पुढच्या प्रदर्शनात टेबल शोधत होतो.

आंबेमोहर, टाकाऊतून खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवर बघा. मराठीतली कितीतरी जुनी बालपुस्तकं स्कॅन करून फुकट ठेवलीत त्यांनी, रशियनही आहेत. माझी तिथेच सापडली.

आंबेमोहर

घाटवाट, खारीबिस्कीट, खूप खूप धन्स! आत्ता ऑफिसात आहे, घरी गेल्यावर पहिलं हेच काम.

वऱ्हाडी ठेचा

राजेहो, मले लहानपणापासून एक वेताळ आठवे. झाडावर लटकणारा नाही, कवटीच्या गुहेत राहणारा. बायकोला सांगतलं तर ती म्हणे विक्रमाच्या खांद्यावरचा असंन. म्या म्हटलं नाही, याच्यापाशी घोडा होता, लांडगा होता, आन ठोसा मारला का समोरच्याच्या गालावर कवटीचा ठसा उमटे. सीताबर्डीले जुन्या पुस्तकाच्या ढिगात एक अंक दिसला तवा जीव भांड्यात पडला. इंद्रजाल कॉमिक्स! इंग्रजीतला फॅन्टम म्हणजे आपला वेताळ. टाइम्सवाले काढत, १९६४ पासून १९९० पर्यंत. अंकाले कव्हर नव्हतं, शेवटचं पानही नव्हतं. तरी घेतला.

घाटवाट

आणि मँड्रेक! आणि बहादूर! बहादूर आबिद सुरतींचा.

वऱ्हाडी ठेचा

बहादूरचं नाव घेतलं भाऊ, आता झोप नाही येत आज.

शेवंती

मी चांदोबातली एक क्रमशः गोष्ट शोधत होते. फक्त एक चित्र आठवत होतं, मोठ्या पक्ष्याच्या पाठीवर बसलेली माणसं आणि खाली समुद्र. मावशीच्या घरी गिरगावात सुट्टीत वाचलेली, आणि पुढचा अंक यायच्या आत आम्ही गावी परतलो. म्हणजे शेवट कधी कळलाच नाही. चांदोबाचे जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, भाजी निवडताना फोनवर उघडून बघत असते. अजून तो पक्षी दिसला नाही, पण शोधता शोधता एक कळलं. त्या मालिका लिहिणारे दासरि सुब्रह्मण्यम, मूळ तेलुगू. अंकात त्यांचं नावच नसायचं! आपण त्यांच्या गोष्टींसाठी महिनाभर वाट बघायचो आणि त्यांचं नावही आपल्याला ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

राजा, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, ते चित्र मात्र शंकर यांचं. ते २०२० साली गेले.

मनीमाऊ

शेवंती, गिरगावात कुठे? माझं आजोळ फणसवाडीत.

शेवंती

अय्या! मावशी ठाकूरद्वारला. विपूत (माझ्या विचारपुशीत) ये.

जास्वंद

माझं एक आहे, कुणी सांगेल का? मुलगी छत्रीत राहत असते. म्हणजे छत्री उलटी करून त्यात. पाऊस पडला की नदीतून जाते. पातळ पुस्तक, चौकोनी. बालवाडीच्या बाईंच्या कपाटात होतं.

पणजीकरीण

जास्वंद, छत्रीचं नाही माहीत, सॉरी. पण धागा एकदम मस्त! मी मुलाला घेऊन पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जाते तेव्हा तो त्याची पुस्तकं घेतो आणि मी माझ्या लहानपणची शोधते. ती लायब्ररी १८३२ पासूनची, पोर्तुगीज काळातली. आमच्या घरी मराठी पुस्तकं आजोबांमुळे आली. ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून येताना मिरची, खारी सुंगटं (सुकी कोळंबी) आणि एखादं पुस्तक आणायचे, सगळं एकाच पिशवीत. पुस्तकाला सुंगटांचा वास यायचा. ते पुस्तक कुठलं ते मला वासावरून सांगता येईल, नावावरून नाही.

खारीबिस्कीट

पणजीकरीण, किती गोड!

(कुकर झाला.) देनिसबद्दल एवढंच सांगायचं होतं की त्या गोष्टी मुलाला आत्ता वाचून दाखवल्या, तो पाच मिनिटं हसत होता. लापशीच्या भागाला परत परत "पुन्हा वाच".

कोकणी मेवा

टीव्हीबद्दल चालेल ना? चिमण्या जाळं घेऊन उडतात, मग उंदीर ते कुरतडतात, आणि एक ताई धाकट्याला "अनेक" म्हणजे काय ते समजावते. भाऊ म्हणायचा असं काही नव्हतंच, तू स्वप्नात बघितलंस. गेल्या वर्षी यूट्यूबवर सापडलं आणि त्याला लगेच पाठवलं. 'एक अनेक और एकता', १९७४, फिल्म्स डिव्हिजन. केलं होतं विजया मुळे यांनी. आणि संगीत वसंत देसाईंचं! आमच्या सावंतवाडीकडचे. म्हणजे मी लहानपणी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून ऐकत होतो ते गाणं आमच्याच भागातल्या माणसाचं, आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईला सांगितलं तर तिने लगेच चार जणींना फोन केले.

दुपारची झोप

ते गाणं साधना सरगमने लहानपणी गायलंय ना?

कोकणी मेवा

हो!

आजीचा बटवा

बोक्या सातबंडे मी आधी आकाशवाणीवर ऐकलाय. पुस्तकं नंतर आली. नातू पुस्तक वाचतो तेव्हा मला प्रत्येक वाक्य आवाजातच ऐकू येतं. माझं शोधणं असं काही नाही, फक्त सांगावंसं वाटलं. चष्मा बदलायचा आहे, टंकलेखनातल्या चुका समजून घ्या.

घाटवाट

आजी, लिहीत राहा.

दुपारची झोप

'किशोर'चं कुणीच कसं लिहिलं नाही? १९७१ पासूनचे अंक बालभारतीने नेटवर मोफत ठेवलेत. मी एका वर्षाचा अंदाज धरून शोधायला घेतलं आणि कामं तशीच राहिली. मला हवी होती ती कविता सापडली. चित्र मला पिवळं आठवत होतं, निघालं जांभळं, पण कवितेची ओळ न् ओळ बरोबर. आमच्या शाळेत किशोरचा अंक वर्गात एकच यायचा, हजेरीपटाच्या क्रमाने घरी न्यायला मिळायचा. माझं आडनाव य वरून. माझ्या हातात येईपर्यंत कोडी सगळ्यांनी पेनने सोडवलेली असायची. आता अंक उघडला तर कोडी कोरी! सगळी सोडवली, रात्री एक वाजेपर्यंत.

मनीमाऊ

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! य वाल्यांना न्याय मिळाला!

उसगावकर

इथे न्यू जर्सीत मुलीला नारळीकर वाचून दाखवतो. वर नारळीकरांचं आलंय म्हणून: १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. ज.वि.ना. उलटं केलं की ना.वि.ज. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हाताने लिहून काढली. पहिला नंबर आला. नावाने नाही, गोष्टीने मिळवला. मे २०२५ मध्ये ते गेल्याचं कळलं तेव्हा मुलीने स्वतःहून पुस्तक काढून आणलं.

आंबेमोहर

उसगावकर, हे पुतणीला सांगते. उलटं नाव! तिला पट्टीइतकंच आवडेल.

आणि मंडळी, देनिस उघडला!! पोलीस पण आठवला, टोपी पण. आई तेव्हा काय म्हणते ते मी पूर्ण विसरले होते.

जास्वंद

छत्रीवाली कुणालाच माहीत नाही का?

पावसाळी

वरचं सगळं वाचलं नाही अजून, पण जास्वंद, मुलीच्या डोक्याला लाल रिबीन होती का? माझ्या मोठ्या बहिणीकडे असं पुस्तक होतं. ती नाशिकला असते. आत्ता शाळेत असेल, शिक्षिका आहे. चारनंतर फोन करून विचारते.

जास्वंद

रिबीन होती!!! विचार ना गं नक्की.