स्कॅन झालं म्हणून मूळ नकाशे कुलपात? सपशेल असहमत

होकायंत्र (धागाकर्ता)
विद्यापीठांच्या विशेष संग्रहातले जुने नकाशे एकदा नीट स्कॅन झाले की मूळ प्रती कुलूपबंद कराव्यात, वाचकांनी पडद्यावरच काय ते बघावं, असं भूर्जपत्र यांनी काल लिहिलं. चार ओळींच्या प्रतिसादात माझं भागेना, म्हणून वेगळा धागा.

येल विद्यापीठाचा विनलंड नकाशा आठवा. कोलंबसाच्या आधी अमेरिकेचा किनारा दाखवणारा, पंधराव्या शतकातला, म्हणून १९६५ साली गाजावाजा करून जगापुढे आणला. २०२१ मध्ये खुद्द येलनेच तो बनावट असल्याचं जाहीर केलं. चर्मपत्र जुनंच होतं, पण शाईत टायटॅनियम डायॉक्साइड निघालं, आणि ते शाईत येऊ लागलं १९२० च्या दशकात. पाठीवरच्या जुन्या लॅटिन मजकुरावरही कुणीतरी आधुनिक शाईने लिहून ठेवलं होतं. यातलं काय पडद्यावर मोठं करून कळलं असतं?

भूर्जपत्र
माझं लिखाण आधी नीट वाचा. प्रयोगशाळेला कुणी नाही म्हटलंय? प्रश्न रोजच्या हाताळणीचा आहे. हाताने रंगवलेल्या जुन्या नकाशांवर तांब्यापासून केलेला हिरवा रंग असतो आणि तो कागद खातो. आधी पानाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटतो, मग तिथेच तडा जातो. अशी एक ॲटलस माझ्यासमोर उघडली गेली. पान उलटताच हिरव्या सीमारेषेचा एक तुकडा सुटून टेबलावर पडला. त्यानंतर त्या ॲटलसला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

टाचणी
रंगाचं राहू द्या, ब्लेडचं बोला! फोर्ब्स स्माइली हा नकाशांचा नावाजलेला व्यापारी. २००५ मध्ये येलच्याच बायनेकी ग्रंथालयात त्याच्याजवळ जमिनीवर ब्लेडचं पातं दिसलं म्हणून सापडला. पुढे ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. शिक्षा किती, तर साडेतीन वर्षं. आणि तुम्ही म्हणता, वाचकांवर विश्वास ठेवा.

होकायंत्र
चोरी झाली ती स्कॅन नव्हते म्हणून. चोरीला गेलेल्या कित्येक नकाशांचा ग्रंथालयांना पत्ताच नव्हता, कारण सूचीत ॲटलसच्या नावाची एक नोंद, आत कुठले नकाशे आहेत ते कुणी लिहिलेलंच नाही. स्कॅन असेल तर डाग, घड्या, किडीची भोकं जुळवून प्रत कुणाची ते सिद्ध करता येतं.

टाचणी
म्हणजे स्कॅन हवेत हे तुम्हीच कबूल केलंत.

होकायंत्र
हवेतच! नको कधी म्हटलं? मूळ प्रत बंद करायला विरोध आहे. शब्द तोंडात घालू नका.

शाईदौत
अवांतर, पण राहवत नाही. दर बातमीच्या फोटोत पांढरे हातमोजे घालून नकाशा धरलेला माणूस का असतो? मोज्यात बोटांना कागदाचा अंदाज येत नाही, फाटलेली कड धाग्यात अडकते. कागदासाठी हात धुऊन कोरडे करावेत, असंच मोठी ग्रंथालयं आता सांगतात. मोजे फोटोग्राफसाठी.

टाचणी
इथे चोरीवर बोलतोय, तुमचे मोजे कुठून आले?

शाईदौत
भूर्जपत्र यांनी हाताळणी काढली, तिथून. ती नीट शिकवली तर कुलूप लागणार नाही. दर वेळी 'मुद्द्यावर या' म्हणून दटावू नका.

रेखांश
तुम्हा सगळ्यांना मूळ प्रत बघायला मिळते असं दिसतंय. मला एका ग्रंथालयाने शिफारसपत्र मागितलं. मी कुठल्याच संस्थेत नाही, आणू कुणाचं? डेव्हिड रम्झींचा जुन्या नकाशांचा संग्रह इंटरनेटवर फुकट बघता येतो, म्हणून माझा अभ्यास चालू आहे. मी जुन्या नदीपात्रांचे नकाशे आजच्या उपग्रह चित्रावर बसवतो. पात्र किती सरकलं ते त्यातून कळतं, आणि हे काम मूळ कागदावर होतच नाही. कागदाच्या प्रेमात आमच्यासारख्यांना विसरू नका.

होकायंत्र
हे बिनतोड आहे. शिफारसपत्राची अट मलाही चीड आणते. पण तुमचं दार उघडायचं तर आमचं बंद कशाला? दोन्ही उघडी ठेवा. आणि पाठीच्या बाजूचं काय? बऱ्याच नकाशांच्या पाठीवर जुन्या मालकांच्या नोंदी, किमती, शिक्के असतात. स्कॅन मात्र पुढच्याच बाजूचे.

भूर्जपत्र
पाठीचा मुद्दा घेतो, नाइलाजाने. दोन्ही बाजू स्कॅन होईपर्यंत कुलूप नको. पण हिरवा रंग तडकलेल्या प्रती आजच बाजूला काढा, त्यात तडजोड नाही.

टाचणी
आणि वाचनकक्षात पिशवी न्यायची नाही, फक्त पेन्सिल. नकाशा देताना आणि परत घेताना पानं मोजा. यावर कुणी वाद घालणार असेल तर मी आहेच.