मुलाला घरी शिकवते आहे, माझाच धीर सुटतोय. महिना १००० रुपयांत काय घेऊ, काय करू?

सातपूरची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा साडेआठ वर्षांचा. गेल्या जूनमध्ये तिसरीत जायचा होता, तेव्हा शाळेतून काढला. कारणं मोठी आहेत, ती इथे नकोत. आठ महिने झाले. मराठी वाचन छान चाललंय, रात्री पुस्तक हातातून काढून घ्यावं लागतं. अडलंय ते गणित, त्यातही हातच्याची वजाबाकी. ४०२ मधून १७८ वजा करायचे. मधे शून्य आलं की हा थांबतो. मी सांगते, तो खोडतो, मी पुन्हा सांगते, तो पुन्हा खोडतो. मंगळवारी खोडून खोडून पानाला भोक पडलं आणि मी त्याचं मनगट धरून आकडा लिहायला लावला. हात सोडला तर माझ्या बोटांचे वळ उठले होते. तो रडला नाही, नुसता वळांकडे बघत बसला. शाळेत त्याच्यावर कुणी हात उगारू नये म्हणून तर घरी आणला होता.

आठ महिन्यांत तीन पुस्तकं आणि दोन ॲप बदलून झाली. हे शून्य समजावायला काय साहित्य घेऊ, आणि तुम्ही रोजच्या रोज धीर कसा धरता? बजेट महिना १०००, त्यापुढे खरंच जमणार नाही. मिस्टर कंपनीत शिफ्टला असतात, शिकवणं माझ्याकडेच.

माळरान
ताई, डोळे झाकून माँटेसरीचे सोनेरी मणी घ्या. सुटा मणी म्हणजे एकक, दहाची काडी, शंभराचा चौकोन, हजाराचा ठोकळा. शंभराचा चौकोन देऊन दहाच्या दहा काड्या घ्यायच्या, हातचा हातात दिसतो. माझी मुलगी सहाव्या वर्षी चार आकडी वजाबाकी करत होती. आम्ही पूर्ण संच सेकंडहँड घेतला, १४००० ला.

सातपूरची_आई
@माळरान, छान आहे, पण बजेट १००० लिहिलंय.

माळरान
हप्त्यानेही मिळतो. एकदाच खर्च, मग धाकट्याला पण होतो.

सातपूरची_आई
धाकटं नाहीये.

हप्त्याचा_मार
हप्त्याचं नाव काढू नका. आम्ही ऑनलाइन कोर्स घेतला होता, टॅबसकट ५२ हजार. तो विक्रीचा माणूस रात्री दहापर्यंत आमच्या हॉलमध्ये बसून होता. मुलासमोरच त्याला पाच प्रश्न विचारले आणि म्हणाला, हा दोन वर्षं मागे आहे. त्या भीतीनेच सही केली. तीन महिन्यांत मुलगा टॅबला हात लावेना, पैसे परत मागितले तर मुदत संपली म्हणे. दीड वर्ष हप्ते फेडले. तुमचा मुलगा मागे नाही, एवढंच सांगायला लॉगिन केलं.

निवृत्त_मास्तर
जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं तिसरी-चौथी शिकवली. वस्तूंनी गणित येत नाही, पाठांतराने येतं. पाढे, पावकी, निमकी, सकाळी चहाच्या आधी. आमच्या वेळी तीसपर्यंतचे पाढे दुसरीत होत.
पण बाई, एक करून बघा. त्याला तोंडी सांगून 'एकोणचाळीस' अंकात लिहायला लावा. काय लिहितो ते इथे कळवा.

सातपूरची_आई
काका, आत्ताच लिहून घेतलं. ४९ लिहिले. एकोणसाठला ६९.

निवृत्त_मास्तर
वाटलंच होतं. पोराच्या कानात 'चाळीस' वाजतं आणि हात चारावर जातो. एकोण म्हणजे एक उणा, चाळीसला एक कमी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे असेच. नव्व्याण्णव तेवढा वेगळा, तो पाठच करायचा. ज्याला संख्या ऐकून लिहिता येत नाही त्याला हातचा काय कळणार? वजाबाकी महिनाभर बाजूला ठेवा. शंभर चौकटींचा तक्ता घरीच आखा आणि रोज दहा संख्या ऐकवा.

शून्य_प्रहर
म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं होतं. तेव्हा सगळा महाराष्ट्र हसला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जीव तोडून सांगत होत्या की मुलं बोलतात एक आणि लिहितात भलतंच. कोणी ऐकलं नाही.

गोदाकाठ
उद्या बाजारात 'सत्तर पाच रुपये द्या' म्हणायचं का? पंच्याहत्तर हा शब्द आजीच्या तोंडून आलाय, तो समितीने पुसायचा नाही.

शून्य_प्रहर
कुणीच पुसला नव्हता. पुस्तकात दोन्ही दिलं होतं. पुस्तक न उघडताच ओरडणारे तेव्हाही होते.

श्टुटगार्टकर
हा त्रास फक्त मराठीचा नाही. इथे जर्मनीत २१ ला 'एक-आणि-वीस' म्हणतात, माझ्या लेकीने पहिलीचं अर्धं वर्ष २१ चे १२ लिहिले. पण इथे घरी शिकवायला कायद्याने बंदी आहे, शाळेत जावंच लागतं. तुम्हाला मोकळीक तरी आहे.

गोदाकाठ
बंदी आपल्याकडेही हवी. मुलांना मित्र कुठून मिळणार?

कायद्याचं_बोला
विषयांतर होतंय, पण हे कामाचं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं त्यात लिहिलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद नाही. आणि उद्या परत शाळेत पाठवावंसं वाटलं तर वयाप्रमाणे वर्ग मिळायला हवा, हेही त्याच कायद्यात आहे. तेव्हा दार बंद झालं म्हणून घाबरून शिकवू नका.
शाळा सोडल्याचा दाखला घेतलाय ना? पुढे राज्य मंडळातून बाहेरून दहावी करायची तर सतरा नंबरच्या फॉर्मला तो मागतात.

सातपूरची_आई
दाखला नाही घेतला. मनातच नाही आलं. उद्याच जाते.

भुसारवाली
आमचं किराणा-भुसारचं दुकान आहे, दोन्ही पोरं गल्ल्यावर बसून शिकली. घरातले खरे पैसे काढा. शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी, झाले ४०२. आता त्याला म्हणा, मला १७८ दे. रुपये आठ हवेत, हातात दोनच. दहाची नोटच नाही. मग काय करायचं? शंभराची मोड आणायची, दहाच्या दहा नोटा. त्यातली एक परत मोडायची, दहा सुटे रुपये. आता समोर तीन शंभराच्या, नऊ दहाच्या, बारा रुपये. शून्याचा नऊ कसा होतो ते इथे त्याच्या डोळ्यांसमोर होतं. वहीत आपण तो नऊ नुसता डोक्यावर लिहितो, पोराला वाटतं आईने जादू केली.
हातचा हा शब्दच काढू नका पहिले पंधरा दिवस. 'मोड' म्हणा. मोड त्याला कळते.

नवी_पालवी
सोनेरी मणी घ्या, आमच्याकडे खूप उपयोग झाला. +१

दोघांची_आई
दापोलीहून लिहितेय. थोरला सतरा, धाकटी तेरा, दोघं घरीच शिकलेत. सगळे साहित्य सांगताहेत, मला मनगटाबद्दल बोलायचंय.
माझ्याकडूनही झालंय. मी पट्टी आपटली होती, टेबलावर, पण त्याच्या बोटांच्या इतकी जवळ की तो दचकून खुर्चीवरून पडला. त्यानंतर दोन नियम केले. गणित वीस मिनिटंच, गजर लावून, आणि गजर झाला की उदाहरण अर्धं असलं तरी वही बंद. दुसरा नियम, माझा आवाज चढला तर त्यानेच वही बंद करायची, मी काही बोलायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्याने चारदा बंद केली. फार लागलं मनाला. पण बोलले नाही.
त्याची माफी मागितलीत का? नसेल तर आज मागा. 'पण तूही' हे शब्द न घालता.
आणि पुस्तक बदलू नका. आपला धीर सुटतो आणि आपण पुस्तकाला दोष देतो, मी पाच वर्षं तेच केलं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, एकच उतरवून घ्या आणि वर्षभर तेच ठेवा.
थोरल्याने नऊ ते अकरा गणित जवळजवळ केलंच नाही. मी घाबरून वाळले. पुढे एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून, दहावी केली, तिथे वयाची चौदा पूर्ण लागतात. गणित पहिल्यांदा राहिलं, दुसऱ्यांदा सुटलं. पाच वर्षांत नऊ संधी देतात, म्हणून घर शांत होतं. आठवीपर्यंतही त्यांचे तिसरी, पाचवी, आठवीचे स्तर आहेत, पण मी त्या वाटेला गेले नाही.
खंड मात्र पाडू नका. रोज थोडं, पण रोज.

निवृत्त_मास्तर
खंड नको, हे खरं. एक आठवडा सुटला की महिना जातो.

नवी_पालवी
+१ खंड नको.

गोदाकाठ
माझं मत अजूनही शाळा. जूनमध्ये घाला परत.

सातपूरची_आई
सगळ्यांचे आभार. दाखला मिळाला, तीन फेऱ्या झाल्या. माफी मागितली. तो म्हणाला, "आता दुखत नाही." मी त्याला विचारलंच नव्हतं.
तुम्ही सगळे खंड पाडू नको म्हणताय, पण मी पाडतेय. गुढीपाडव्यापर्यंत गणिताची वही कपाटात. हा धीर धरण्याचा प्रश्न त्याचा नव्हता, माझा होता, आणि मला थांबायला हवंय. दिंडोरीला माझ्या भावाची बाग आहे, द्राक्षांची तोडणी सुरू झालीय, आम्ही दोघं तिथेच आहोत. हजारातले ४२० रुपये एसटीला आणि त्याच्या टोपीला गेले, बाकीचे पैसे दहाच्या नोटा आणि चिल्लर करून डब्यात ठेवलेत, भुसारवाली ताईंच्या सांगण्यावरून. डबा अजून उघडलेला नाही.
तो काट्याजवळ बसतो. मामा वजन ओरडतो, हा वहीत लिहितो. काल पहिल्याच दिवशी 'एकोणतीस'ला ३९ लिहिलं आणि मामाने हिशेब लावताना धरलं. मामा म्हणाला, "तीसला एक कमी रे." याने खोडलं, २९ केलं, आणि पुढच्या क्रेटकडे वळला. मी दहा फुटांवर कात्री घेऊन उभी होते, गेले नाही.
काका, शंभराचा तक्ता पाडव्यानंतर आखते.

निवृत्त_मास्तर
पाडव्यापर्यंत पोरगा विसरेल, लिहून ठेवा. यंदा भाव काय चाललाय द्राक्षांना?