घरातले-परसातले कोळी कसे ओळखायचे?

मधुमालती:
आम्ही चिपळूणजवळ राहतो. गणपतीआधीची झाडलोट सुरू आहे आणि सासूबाई म्हणतात, जळमटांबरोबर कोळीही काढून टाक. मला ते मारायचे नाहीत. न्हाणीघराच्या भिंतीवर एक पंजाएवढा, चपटा, तपकिरी कोळी आहे. जाळं नाही, पोटाखाली पांढरट गोल चकती धरलीय. जास्वंदीत एक आहे, पोटावर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे, जाळ्यात पांढरी फुली. आणि माळ्यावर काडीसारख्या पायांचे बरेच, धक्का लागला की जाळ्यासकट थरथरतात. घरात लहान मुलगी आहे, म्हणून नीट माहिती हवी.

परसबागवाला:
ताई, तिघांपैकी एकाचंही विष माणसाच्या जिवावर बेतणारं नाही, हे सासूबाईंना आधी सांगा.

न्हाणीघरातली हंट्समन, हेटेरोपोडा व्हेनॅटोरिया. मादीच आहे, कारण ती चकती म्हणजे अंड्यांची पिशवी. रात्री टॉर्च घेऊन समोरून बघा. डोळ्यांच्या खाली, तोंडाच्या वर, एक फिकट पिवळसर आडवी पट्टी दिसेल, मिशी रेखल्यासारखी. ही खूण दिसली की शंका नको. ती जाळं विणत नाही, रात्री फिरून झुरळं धरते. फक्त हाताने पकडू नका. पिशवी सांभाळणारी मादी डिवचली तर चावते आणि दुखतं.

जास्वंदीतली सिग्नेचर स्पायडर, म्हणजे आर्जिओपे. ती डोकं खाली करून बसते आणि आठ पाय दोन-दोनच्या जोडीने फुलीवर ठेवते, त्यामुळे लांबून चारच पाय वाटतात. ओळखताना फुलीवर विसंबू नका. कधी एकच तिरकी रेघ असते, कधी तीही नसते. पोटावरचे पट्टे बघा. फुली कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कोणी म्हणतात किडे ओढायला, कोणी म्हणतात पाखरांनी जाळं मोडू नये म्हणून. जाळ्याच्या कडेला बारीक तपकिरी कोळी दिसला तर तो नर असू शकतो, तोही राहू द्या.

माळ्यावरचे फोल्सिडी कुळातले. बाजूने बघा: पोट मागे वर उचललेलं, कोपरा काढल्यासारखं असेल तर क्रॉसोप्रिझा, लांबट नळीसारखं असेल तर फोल्कस. मादी अंड्यांचा झुबका जबड्यात धरून असते.

कोकणकडा:
पण आमच्याकडे म्हणतात, कोळी अंगावर मुतला की फोड येतात. त्याचं काय?

परसबागवाला:
कोळ्यावर हा आळ उगाच आहे, आणि त्यापायी बिचारे फार मारले जातात. पावसाळ्यात दिव्यावर पेडेरस नावाचा लांबट, काळा-नारिंगी भुंगेरा येतो. तो अंगावर चिरडला की त्यातल्या पेडेरिन या विषारी द्रव्यामुळे एक-दोन दिवसांत आग होऊन फोड उठतात. काही वेळा असे फोड नागीण या आजाराचेही असतात, तेव्हा डॉक्टरांना दाखवा. भुंगेरा अंगावर बसला तर चोळू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

मधुमालती:
टॉर्चने पट्टी दिसली! खिडकीत एक छोटा काळाही आहे, पाठीवर मधोमध पांढरा उभा पट्टा, वळून आपल्याकडेच बघतो.

परसबागवाला:
समोरचे दोन डोळे मोठे असतील तर उड्या मारणारा. पट्ट्यावरून प्लेक्सिपस पायकुलीचा नर वाटतो. माश्या आणि डास खातो. जळमटं काढायचीच असतील तर माळ्यावरची काढा, पण अंडी धरलेली मादी दिसली तर तेवढा कोपरा सोडा. हंट्समन नकोच असेल तर रुंद तोंडाची बरणी हळूच वर ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि पिशवीसकट परसात सोडा. फवारा मात्र मारू नका.