क्लब हाऊसच्या कपाटात कोणती पुस्तकं ठेवायची?

सचिव: कपाट रंगवून झालं. कादंबऱ्या भरपूर जमल्यात. आता आत्मचरित्र, इतिहास, शेती, पैसा असं सुचवा. नुसतं नाव नको, का वाचावं तेही लिहा.

बी-१०४ वहिनी: वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. शाळेत वाचलं तेव्हा गुलामाचं पोर शास्त्रज्ञ झालं एवढंच कळलं होतं. यंदा उन्हाळ्यात परत वाचलं आणि मातीची गोष्ट समजली. अमेरिकेतल्या अलाबामात वर्षानुवर्षं कापूसच घेऊन जमिनीचा कस गेला होता. कार्व्हर १८९६ मध्ये तिथल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत आले आणि शेतकऱ्यांना भुईमूग, चवळी लावा म्हणून सांगू लागले. या पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात. पुढं तर अवजारं गाडीत घालून शाळाच शेतकऱ्यांच्या दारात नेली. आमच्या सासरी पूर्वी कापसात तुरीच्या ओळी असायच्याच, आता सलग कापूस. सासऱ्यांना ती पानं वाचून दाखवली, रात्री उशिरापर्यंत ऐकत बसले.

सी-२०१: 'रिच डॅड पुअर डॅड' पण ठेवा. राहतं घर ही मालमत्ता नाही, उलट खिशातून पैसे नेणारी गोष्ट आहे, हे वाचून मी हप्त्यांचा हिशोब पहिल्यांदा मांडला.

ए-३०२ सर: ठेवा. पण त्यातला एकच विचार पानोपानी फिरतो असं मला वाटतं. पगारदाराला उपयोगी आहे. ज्याची कमाई पावसावर, त्याला त्यातून फार काही मिळत नाही.

माझा आग्रह वेगळा आहे. आपल्या पोरांना १५ ऑगस्ट माहीत आहे, पण १७ सप्टेंबरला झेंडा का लावतात विचारलं की गप्प बसायलेत. देश स्वतंत्र झाला तरी आपण तेरा महिने निजामाच्याच राज्यात होतो. ते समजायला अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हवंच. स्वतः त्या लढ्यात उतरलेला माणूस लिहितो, म्हणून वजन आहे. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना वसतिगृहातून, कॉलेजातून काढलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठानं आधार दिला. उमरीची बँक १९४८ च्या जानेवारीत लढ्यासाठी लुटली गेली. उमरी आपल्याच जिल्ह्यात आहे हो!

आणि विचारवंत नरहर कुरुंदकर. नांदेडात राहून 'जागर' आणि 'शिवरात्र' कपाटात नसावेत हे मला सहन होणार नाही. इथंच पीपल्स कॉलेजात होते ते. वाचताना जागोजागी त्यांच्याशी भांडावं वाटतं, पण भांडायला आधी स्वतःचं मत पक्कं करावं लागतं. त्यासाठीच वाचायचं.

ए-१०१ काकू: लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. नवऱ्यानं १८९५ मध्ये धर्म बदलला, संसार मोडल्यात जमा, तरी लिहिताना कुणावर राग काढत नाहीत. वाचताना हसू येतं आणि लगेच गळा दाटतो.
पण लक्ष्मण गायकवाडांचं आत्मकथन 'उचल्या' कुणी सुचवू नका. लेकरं येतात तिथं.

सी-२०१: काकू, मी तेच लिहिणार होतो. गायकवाड शेजारच्या लातूर जिल्ह्यातले. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला.

ए-१०१ काकू: पुरस्काराचं कौतुक आहेच. पण त्यातली मारहाण, भूक दहा वर्षांच्या पोरानं वाचावी का?

ए-३०२ सर: काकू, ते सगळं सोसणारं पोरही तेवढंच आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, 'उचल्या'तलं पोर अशाच जमातीतलं. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही. आपली पोरं ज्यांच्या शेजारी बाकावर बसतात, त्यांतल्या काहींच्या आजोबांची ही गोष्ट आहे.

बी-१०४ वहिनी: मला काकूंचंही पटतं. नववीच्या पुढच्यांना द्या, आणि घरात कुणीतरी सोबत वाचा.

ए-१०१ काकू: नववीच्या पुढं चालेल. त्याखाली नको, यावर मी ठाम आहे.

सचिव: ठीक. 'उचल्या' वरच्या फळीत, नोंद करून मिळेल. कुरुंदकरांची दोन्ही घेऊ. सर, भालेरावांचं पुस्तक दुकानात मिळालं नाही तर तुमची प्रत द्याल का?

ए-३०२ सर: देतो. पण महिनाभरात परत पाहिजे, त्यात माझ्या वडिलांनी पेन्सिलीनं खुणा केल्यात.