विषय: ज्यूरी ड्यूटी टाळावी का?

नंदू, न्यू जर्सी (मूळ मालवण)

नमस्कार मंडळी,

नागरिकत्व घेतल्यापासून पहिल्यांदाच ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांत बसण्याचं, समन्स आलंय, तेही नेमकं गणपतीत. घरी जायची तिकिटं काढून झालीत. तारीख पुढे ढकलून मिळते असं कळलं, पण ऑफिसातला एकजण म्हणतो, "इंग्रजी नीट समजत नाही असं लिहून दे, पीडा कायमची टळेल." कोणी असं केलंय का? खरं सांगायचं तर तारखेपेक्षा मला धास्ती वेगळीच आहे. दिवसभर कोड लिहिणारा माणूस मी. कायद्यातलं मला काय कळतं? कोणाला तुरुंगात धाडायचं हे मी का ठरवावं?

माई, शिकागो

नंदू, तुझी धास्ती अगदी रास्त आहे. न्याय करणं हे शिकलेल्या न्यायाधीशाचं काम. नानावटी खटल्याच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. नौदलातल्या त्या नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, आणि ज्यूरी म्हणाली निर्दोष! वर्तमानपत्रांनी नानावटीला हिरो केलं, ज्यूरी वाहवत गेली. म्हणूनच भारताने ज्यूरी बंद केली ना? तारीख बदलून घे, पण जमलं तर नावच काढून टाक.

अण्णा, रत्नागिरी

नंदू, माई,

लेकीकडे राहायला होतो तेव्हा या लिस्टवर नाव घातलं होतं. गावी परत आलो तरी तुमच्या मेल वाचत असतो. आयुष्य फौजदारी कोर्टात गेलं, म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही.

माई, आधी नानावटी. १९५९ साली ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोषचा कौल दिला हे खरं. सेशन्स जजना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पण ज्यूरी त्या एका खटल्यामुळे गेली नाही. ती बंद करा असं विधी आयोगाने त्याच्या आधीच, १९५८ च्या चौदाव्या अहवालात सांगितलं होतं. कायद्यातून ती गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून. आणि इथे एक फरक बघा. नंदूच्या देशात ज्यूरीने निर्दोष म्हटलं की सरकारला त्यावर अपील करता येत नाही. आपल्याकडे ज्यूरी होती तेव्हाही तिचा कौल असा मोडता येत होता, आणि आजही सुटलेल्या माणसाविरुद्ध सरकार वर जाऊ शकतं. आरोपीच्या जागी उभं राहून पाहिलं की हा फरक किती मोठा आहे ते कळतं.

ज्यूरीवर माझा डोळे झाकून विश्वास नाही. आमच्या टिळक आळीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचंच काय झालं बघा. १९०८ चा राजद्रोहाचा खटला केसरीतल्या मराठी लेखांवर उभा होता. सरकारने स्पेशल ज्यूरी मागितली, ती मिळाली: सात युरोपियन, दोन पारशी. लेख त्यांच्यापुढे आले ते सरकारी भाषांतरातून. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला. दिवसचे दिवस उभे राहून भाषांतरात कुठला शब्द भडक झालाय, कुठे अर्थ फिरलाय, हे ते समजावत होते. कौल आला सात विरुद्ध दोन, आणि न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ती भोगली मंडालेला. त्याच वेळी मंडालेचा राजा थिबा इथे रत्नागिरीत बंदिवान होता. त्याच्यावर तर खटलाच नाही, ना जज ना ज्यूरी. १८८६ मध्ये आणला, १९१६ मध्ये इथेच वारला.

टिळकांच्या खटल्यात खोट होती ती ज्यूरीच्या बाकावर कोणाला बसवलं यात. म्हणून नंदू, तुझ्या ऑफिसातल्या माणसाचा सल्ला मला लागला. इंग्रजी चांगलं येत असताना येत नाही म्हणून लिहून देणं म्हणजे कोर्टाशी खोटं बोलणं, हे तर झालंच. पण दुसऱ्या मुलखातून आलेली, दोन भाषांत जगणारी माणसं अशी आपणहून उठून गेली, तर त्या खोलीत राहणार कोण? वंश बघून ज्यूरर वगळायला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सरकारी वकिलांना १९८६ मध्ये मनाई केली. २०२० मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायचं तर एकमत हवं. हा नियम १९०८ मध्ये मुंबईत असता तर सात-दोनवर टिळक दोषी ठरलेच नसते.

भाषेवाचून आरोपी कसा एकटा पडतो हे मी जवळून पाहिलंय. इथल्या मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी बोटींवर नेपाळी खलाशी पुष्कळ असतात. त्यातला एक पोरगा. बोटीवर मारामारी झाली, तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचं, डोकं फुटलं. वकील करायला पैसे नाहीत, म्हणून विधी सेवेतर्फे मला नेमलं. साक्षीदार आपल्या बोलीत भराभर सांगून गेले. पोरगा पिंजऱ्यात हात जोडून उभा. शेवटी जज साहेबांनी त्यालाच विचारलं, "साक्षीदार म्हणतात तू फळी मारलीस. तुझं काय म्हणणं?" तो म्हणाला, "हो साहेब." पुढच्या प्रश्नालाही "हो साहेब." त्याचं नाव काय असं विचारलं असतं तरी तो हेच म्हणाला असता. मी उठून विनंती केली की साक्षी त्याला कळेल अशा भाषेत समजावल्या पाहिजेत, कायदाच तसं सांगतो. दुभाषी कुठून आणायचा? शेवटी एका हापूसच्या बागेतला नेपाळी राखणदार सापडला. त्याला शपथ दिली, साक्षी पुन्हा वाचून झाल्या, तोच प्रश्न पुन्हा विचारला. पोरगा थांबेचना! फळी दुसऱ्याच्या हातात होती, तांडेलाला उचलून केबिनमध्ये नेला तो मीच, जखमेवर बांधलेला शर्टही माझाच, सगळं धडाधडा बाहेर आलं. निकाल नंतर लागायचा तो लागला, पण त्याची बाजू कागदावर आली ती त्या दिवशी.

माई, शिकागो

अण्णा, टिळकांच्या खटल्याची ही बाजू डोक्यात आली नव्हती. तरी एक सांगते. जज निकालात कारणं लिहितो. चुकला तर त्या कारणांवर बोट ठेवून वर दाद मागता येते. बारा माणसं बंद दाराआड बसतात आणि एका शब्दात निकाल सांगतात, हे मला अजून पटत नाही.

नंदू, न्यू जर्सी

तारीख गणपतीनंतरची घेतली, जाणार आहे. अण्णा, एकच शंका. आरोपीने साक्षच दिली नाही तर? निर्दोष माणूस गप्प कशाला बसेल, असं मनात येणारच ना?

अण्णा, रत्नागिरी

माई, कारणांचा तुमचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

नंदू, येईल मनात. पण ते बाजूला ठेवावं लागेल. गप्प बसणं हा आरोपीचा हक्क आहे. तिकडे पाचव्या दुरुस्तीने दिलाय, इकडे घटनेच्या कलम २० ने. घाबरट माणूस उलटतपासणीत अडखळतो आणि खरं बोलत असूनही खोटा वाटतो, म्हणून कित्येकदा वकीलच त्याला साक्षीला उभं करत नाही. गुन्हा शाबीत करायचा तो सरकारने. वाजवी शंका उरली तर निर्दोष म्हणायचं, मग माणूस तुला आवडो न आवडो. निवडीच्या वेळी विचारतील, पोलिसाच्या शब्दावर इतरांपेक्षा जास्त भरवसा ठेवशील का? जे मनात असेल ते सांग.

खटला चालू असताना आरोपीचं नाव गूगलवर शोधू नकोस, घटनेची जागा बघायला जाऊ नकोस. आणि निकाल लागेपर्यंत त्याबद्दल इथे एक ओळसुद्धा लिहू नकोस, आम्ही कितीही विचारलं तरी.